पाणलोटाचा आकार आणि पुराचे गणित

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सह्याद्रीपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर पूर्वेला, अवर्षणप्रवण पट्ट्यातील दोन शेजारच्या गावांमधून दोन ओढे वाहतात. दोहोंचे पाणलोट क्षेत्र जवळजवळ सारखे, म्हणजे सुमारे १२ चौरस किलोमीटर आहे. पहिल्या गावात शाळेकडे जाणाऱ्या रस्त्यावर तीन गाळ्यांचा एक लहान पूल बांधण्यात आला आणि तो चांगला टिकला. पुढे दुसऱ्या गावानेही तशाच पुलाची मागणी केली. क्षेत्रफळ तेच, पाऊसमान तेच, मग आराखडा तरी वेगळा कशासाठी, असा विचार होऊन पहिल्याच पुलाचे नकाशे तेथे वापरण्यात आले. अंदाजपत्रक तयारच होते. मंजुरीही लवकर मिळाली. दुसऱ्याच वर्षी सप्टेंबरातील एका संध्याकाळी दोन्ही शिवारांवर सारखाच जोरदार पाऊस झाला आणि नव्या पुलाच्या एका बाजूचा भराव तासाभरात वाहून गेला. पूल जागच्या जागी उभा होता, पण त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता उरला नव्हता. जीवितहानी झाली नाही हे सुदैव. तथापि पलीकडच्या वस्तीवरील मुलांची शाळा दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बुडाली. त्याच रात्री पहिल्या पुलाखालून मात्र पाणी गुमान वाहून गेले होते.

प्रस्तुत लेखकास त्या ठिकाणची पाहणी करण्याचा योग आला. ठेकेदाराने सिमेंट खाल्ले, हा गावातील सार्वत्रिक निष्कर्ष होता. अशा प्रसंगी तो बहुधा असतोच आणि कधी कधी खराही असतो. येथे मात्र खांब, कठडे, पाया यांपैकी कशालाही तडा गेलेला नव्हता. काम चांगले झाले होते. परंतु ते काम दुसऱ्याच ओढ्याचे होते.

दोन्ही पाणलोट नकाशावर शेजारी शेजारी काढले तेव्हा उलगडा झाला. पहिल्या ओढ्याचे क्षेत्र केळीच्या पानासारखे लांबट होते. उगमाकडील माथ्यापासून पुलापर्यंतचे अंतर १० किलोमीटर आणि रुंदी सव्वा किलोमीटरच्या आसपास. दुसऱ्याचे क्षेत्र सुपासारखे पसरट होते. माथ्यापासून पुलापर्यंत अवघे ४ किलोमीटर अंतर, आणि तीन दिशांनी आलेले तीन नाले पुलाच्या वर अर्ध्या किलोमीटरच्या आत एकमेकांस मिळालेले. क्षेत्रफळाचा आकडा दोन्हीकडे सारखाच होता. आकृती मात्र सारखी नव्हती, आणि आकृतीचा विचार कोणीच केलेला नव्हता.

यात्रेच्या दिवशी एकाच लांब रस्त्याने बैलगाड्यांची रांग गावाकडे येत असेल, तर गाड्या एकामागून एक वेशीत शिरतात आणि फारशी गर्दी होत नाही. तितक्याच गाड्या चहूबाजूंच्या जवळच्या वाड्यांवरून एकाच वेळी निघाल्या, तर त्या एकाच वेळी वेशीवर येऊन थडकतात. गाड्यांची संख्या बदललेली नसते, पण वेस अपुरी पडते. पुराचेही असेच आहे. लांबट पाणलोटात खालच्या भागातील पाणी पुलाखालून निघून गेल्यानंतर वरच्या भागातील पाणी येऊन पोहोचते. पसरट पाणलोटात सगळ्या बाजूंचे पाणी जवळजवळ एकाच सुमारास मुखाशी जमा होते. गावाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने पूर किती आला यापेक्षा तो किती थोड्या वेळात आला हे अधिक महत्त्वाचे ठरते.

आकृतीला आकडा

डोळ्यांना दिसणारा हा फरक गणितात कसा आणावयाचा? ‘पसरट’, ‘लांबट’, ‘सुपासारखे’ हे शब्द बोलण्यास सोयीचे आहेत, पण त्यांची बेरीज-वजाबाकी होत नाही. एकाला जे पसरट वाटेल ते दुसऱ्याला वाटणार नाही. म्हणून अभियांत्रिकी संशोधनात आकृतीचे मोजमाप एका संख्येत बसविण्याची रीत रूढ झाली. अशा संख्यांना आकारमापक म्हणता येईल.

त्यांतील सर्वांत साधा मापक अमेरिकन जलशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉर्टन यांनी १९३२ साली मांडला. पाणलोटाचे क्षेत्रफळ घ्यावे आणि त्यास पाणलोटाच्या लांबीच्या वर्गाने भागावे. येणारा भागाकार म्हणजे आकार गुणक. आपल्या दुसऱ्या ओढ्याचे क्षेत्रफळ १२ आणि लांबी ४, म्हणून १२ भागिले १६, म्हणजे ०.७५. पहिल्या ओढ्याची लांबी १०, म्हणून १२ भागिले १००, म्हणजे ०.१२. पाणलोट अगदी वर्तुळाकार असेल आणि लांबी म्हणजे त्याचा व्यास धरला, तर हा गुणक ०.७९ इतका येतो. तेव्हा दुसरा ओढा जवळपास वर्तुळाच्या जातीचा, तर पहिला त्यापासून कितीतरी दूर. ज्या आराखड्यात या दोघांना एकच मानले गेले, त्यात ०.७५ आणि ०.१२ या दोन संख्यांना एकच मानले गेले होते, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

या गुणकाचा एक विशेष असा की त्याला एकक नाही. चौरस किलोमीटरला किलोमीटरच्या वर्गाने भागले की मागे निव्वळ संख्या उरते. मैलांत मोजा, कोसांत मोजा किंवा नकाशावरील सेंटिमीटरांत मोजा, उत्तर तेच येणार. त्यामुळे चार हेक्टरांची ओघळ आणि हजारो चौरस किलोमीटरांचे नदीखोरे ही एकाच मापाने ताडून पाहता येतात. संशोधकांना असे एककरहित मापक प्रिय असण्याचे कारण हेच आहे.

आता या दोन संख्यांचा पुराशी काय संबंध, ते हिशेबाने पाहू. समजा दोन्ही पाणलोटांवर एका तासात ६० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील निम्मा जमिनीत मुरून निम्मा वाहून आला. दोन्हीकडे वाहून येणारे पाणी सारखेच, म्हणजे ३ लाख ६० हजार घनमीटर. दोन्हींचा सरासरी उतार शंभरास एक धरला, तर माथ्यावरचा थेंब मुखाशी येण्यास पसरट क्षेत्रात सुमारे ६८ मिनिटे आणि लांबट क्षेत्रात सुमारे १३८ मिनिटे लागतात. हा काळ हाती आला की त्रिकोणी जलालेखाच्या रूढ पद्धतीने पुराचा कमाल विसर्ग काढता येतो. पसरट ओढ्यात तो दर सेकंदास सुमारे ६३ घनमीटर येतो, तर लांबट ओढ्यात सुमारे ४० घनमीटर. तोच पाऊस, तेच क्षेत्र, तीच माती, तरीही पुराच्या शिखरात दीडपटीहून अधिक फरक. पुलाचे तीन गाळे प्रत्येकी ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच होते, म्हणजे पाण्याला वाट १८ चौरस मीटरांची. चाळीस घनमीटर पाणी त्यातून सेकंदाला सव्वादोन मीटर वेगाने निघून जाते. त्रेसष्ट घनमीटरांसाठी साडेतीन मीटर वेग हवा. तो न मिळाल्यास पाणी पुलामागे तुंबते, चढते आणि सर्वांत कच्ची जागा शोधून काढते. ती जागा म्हणजे भराव.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ताशी ६० मिलिमीटर पाऊस केवळ तुलनेसाठी घेतला आहे. प्रत्यक्ष आराखड्यात किती वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरावयाचा हे बांधकामाच्या महत्त्वानुसार ठरते आणि तो आकडा बराच मोठा असू शकतो.

एकाच आकृतीची अनेक मापे

हॉर्टन यांच्या आधी आणि नंतरही इतरांनी निरनिराळे मापक सुचविले. जर्मन अभ्यासक ग्राव्हेलियस यांनी १९१४ साली पाणलोटाच्या परिमितीची तुलना तितक्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाच्या परिघाशी केली. वर्तुळाला हा संहतता गुणांक १ येतो, चौरसाला सुमारे १.१३ येतो आणि आकृती जितकी वेडीवाकडी तितका तो वाढत जातो. मिलर यांनी १९५३ साली क्षेत्रफळाची तुलना तितक्याच परिमितीच्या वर्तुळाशी करून वर्तुळता गुणोत्तर सांगितले. शुम यांनी १९५६ साली तितक्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाचा व्यास पाणलोटाच्या लांबीने भागून दीर्घता गुणोत्तर मांडले. नावे अनेक असली तरी कल्पना एकच आहे. वर्तुळ हा आदर्श धरावयाचा आणि दिलेली आकृती त्यापासून किती ढळली आहे ते सांगावयाचे.

यांतील कोणता मापक वापरावा? लेखकाचे मत असे की परिमितीवर आधारलेल्या मापकांविषयी थोडा संशय बाळगलेला बरा. क्षेत्रफळ मोजताना सीमारेषेतील बारीक वळणे एकमेकांस सांभाळून घेतात, काही आत जातात तर काही बाहेर. परिमितीचे तसे नाही. प्रत्येक वळण तिच्यात भरच घालते. त्यामुळे एकाच पाणलोटाची परिमिती लहान प्रमाणाच्या नकाशावर कमी आणि मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर जास्त भरते. देशांच्या सीमा आणि समुद्रकिनारे यांच्या लांबीबाबत हीच अडचण लुईस रिचर्डसन यांनी दाखवून दिली होती आणि बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९६७ साली ब्रिटनच्या किनाऱ्याच्या निमित्ताने ती प्रसिद्धीस आणली. आज उपग्रहांच्या माहितीवरून संगणक पाणलोटाची सीमा काही क्षणांत आखतो. परंतु ती सीमा लहान लहान चौकटींच्या कडांनी बनलेली, जिन्याच्या पायऱ्यांसारखी असते. अशा रेषेची लांबी खऱ्या जलविभाजक रेषेपेक्षा निश्चितच जास्त येते. एखाद्या अहवालात वर्तुळता गुणोत्तर दशांशचिन्हापुढे पाच स्थळांपर्यंत दिलेले दिसले, तर ते कोणत्या प्रमाणाच्या नकाशावरून काढले हे विचारण्यास संकोच वाटू देऊ नये.

लांबीचाही प्रश्न अगदीच निर्धोक नाही. ही लांबी मुखापासून माथ्यावरील सर्वांत दूरच्या बिंदूपर्यंत सरळ मोजावयाची की मुख्य ओढ्याच्या वळणावळणाने, यावर उत्तर बदलते. शिवाय काही ग्रंथांत क्षेत्रफळ भागिले लांबीचा वर्ग असे न करता उलट, लांबीचा वर्ग भागिले क्षेत्रफळ असे करतात. तेथे मोठी संख्या म्हणजे लांबट पाणलोट! दोन अहवालांतील मिळत्याजुळत्या नावाच्या दोन संख्या घाईने एकमेकींशी ताडून पाहिल्यास निष्कर्ष नेमका उलटा निघावयाचा.

त्याहून महत्त्वाची मर्यादा वेगळीच आहे. एखादा पाणलोट भोपळ्यासारखा आहे अशी कल्पना करा. त्याचा फुगीर भाग मुखाजवळ असेल, तर बहुतेक पाणी लवकर येऊन पोहोचेल. तोच भोपळा उलटा ठेवला आणि फुगीर भाग माथ्याकडे गेला, तर बहुतेक पाणी उशिरा, पण एकगठ्ठा येईल. दोन्ही वेळी क्षेत्रफळ तेच, लांबी तीच, म्हणून आकार गुणकही तोच. पुराची वेळ आणि वागणूक मात्र भिन्न. एका संख्येत आकृती बसविताना आकृतीतील बरेच काही बाहेर राहते, आणि जे बाहेर राहिले ते नकाशा समोर ठेवूनच पाहावे लागते.

आकाराला आकडा देण्याची ही रीत केवळ जलशास्त्रापुरती नाही. रस्त्यावर अंथरावयाच्या खडीची परीक्षा करतानाही तिचा उपयोग होतो. भारतीय मानक संस्थेने १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या मानकानुसार, ज्या खड्याची जाडी त्याच्या सरासरी मापाच्या ०.६ पटीहून कमी असेल तो चपटा, आणि ज्याची लांबी १.८ पटीहून अधिक असेल तो लांबट मानला जातो. अशा खड्यांचे वजनी प्रमाण वाढले की दाबाखाली ते मोडतात आणि रस्ता लवकर उखडतो. पण खडीचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

गुणांकाचे मूळ गाव

आकारमापकांखेरीज पुराच्या गणितात दुसऱ्या प्रकारच्या संख्या वापरतात, त्या म्हणजे अनुभवसिद्ध सूत्रांतील गुणांक. या दोहोंमध्ये गल्लत होऊ देता कामा नये. आकारमापक ही भूमितीतील गोष्ट आहे. तो कोठेही काढला तरी त्याचा अर्थ बदलत नाही. अनुभवसिद्ध गुणांक मात्र एखाद्या प्रदेशात मोजलेल्या पुरांवरून बसविलेला असतो. त्याला जन्मगाव असते आणि गाव सोडले की त्याची भाषा बदलते.

आपल्या राज्यातील सर्वांत परिचित उदाहरण इंग्लिस यांच्या सूत्राचे. सर क्लॉड इंग्लिस हे मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातील अभियंता. १९१६ साली सुरू झालेल्या आणि पुढे खडकवासल्यास वाढलेल्या जलसंशोधन केंद्राची धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली. त्यांनी सह्याद्रीच्या परिसरातील नद्यांचे पूर पाहून कमाल पुराचे एक सूत्र दिले. पाणलोटाच्या चौरस किलोमीटरांना १२४ ने गुणावे आणि त्या क्षेत्रफळात १०.४ मिळवून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाने भागावे, म्हणजे दर सेकंदाचे घनमीटर मिळतात. हे सूत्र पंख्यासारख्या पसरट पाणलोटांसाठी आहे, असे पाठ्यपुस्तकांत स्पष्ट नमूद केलेले असते. म्हणजे पाणलोटाचा आकार सूत्रात अक्षराने दिसत नसला, तरी १२४ या आकड्याच्या पोटात तो दडलेला आहे. त्याच आकड्यात घाटाचा धुवांधार पाऊस आणि घाटाचे उतारही दडलेले आहेत.

आपल्या १२ चौरस किलोमीटरांच्या ओढ्यास हे सूत्र लावले तर विसर्ग सुमारे ३१४ घनमीटर येतो. दुसऱ्या ओढ्याचा आकार पंख्यासारखा होता हे खरे, पण ते गाव पर्जन्यछायेतील होते. आकार जुळला, पाऊस जुळला नाही. या आकड्यावर पूल बांधावयाचा म्हटला तर गावाला पूल मिळण्याऐवजी केवळ त्याचे अंदाजपत्रक मिळाले असते. उलट, घाटमाथ्यालगतच्या पसरट ओढ्यावर पूर्वेकडच्या लांबट ओढ्याचा अनुभव लावणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय.

डिकन्स यांनी १८६५ साली दिलेल्या सूत्रात उत्तरेकडील मैदानांसाठी गुणांक ६ धरतात, तर मध्य भारतासाठी १४ ते २८. राईव्ह्ज यांचे १८८४ सालचे सूत्र मद्रास भागातील. त्यात पूर्व किनाऱ्यापासून ८० किलोमीटरांच्या आत ६.८, त्यापुढे १६० किलोमीटरांपर्यंत ८.५ आणि डोंगरांलगतच्या मर्यादित भागात १०.२ असे गुणांक आहेत. किनाऱ्यापासूनचे अंतर बदलले की आकडा बदलतो, यावरूनच त्याचे स्थानिक स्वरूप ध्यानात यावे. एककांचाही मुद्दा आहेच. इंग्लिस यांचे सूत्र मैल आणि घनफुटांत मांडले की १२४ च्या जागी ७००० आणि १०.४ च्या जागी ४ येतात. जुन्या पुस्तकातील गुणांक नव्या एककांत तसाच उतरून घेण्याची चूक विद्यार्थीच करतात असे नाही.

आणि आता एक कबुली. वर ६८ आणि १३८ मिनिटे हे जे आकडे दिले, ते किर्पिच यांच्या १९४० सालच्या सूत्राने काढलेले आहेत. आपल्याकडे या सूत्राचा सर्रास वापर होतो. प्रत्यक्षात ते अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या लहान शेतपाणलोटांवरून बसविलेले असून त्यांतील सर्वांत मोठा पाणलोट ४५ हेक्टरांच्या आसपासचा होता. आपला ओढा १,२०० हेक्टरांचा. तेव्हा त्या मिनिटांवर पूर्ण विसंबून पुलाची रुंदी ठरवू नये. दोन ओढ्यांची तुलना करण्यापुरते ते उपयोगी पडतात, कारण चूक झालीच असेल तर ती दोन्हीकडे एकाच दिशेने झालेली असेल.

मोठ्या नद्यांकडे पाहता

आकार गुणकाची कसोटी मोठ्या खोऱ्यांना लावली तर काही बोधप्रद गोष्टी दिसतात. नर्मदेचे खोरे ९८,७९६ चौरस किलोमीटरांचे आणि सुमारे ९२० किलोमीटर लांब आहे. गुणक ०.१२, म्हणजे आपल्या केळीच्या पानासारख्या ओढ्याइतकाच. तापीचे खोरे ६५,१४५ चौरस किलोमीटरांचे आणि सुमारे ५३० किलोमीटर लांब, गुणक ०.२३. कृष्णेचे खोरे २,५८,९४८ चौरस किलोमीटरांचे आणि सुमारे ७०० किलोमीटर लांब, गुणक ०.५३. सातपुडा आणि सातमाळा-अजिंठ्याच्या रांगांमध्ये सापडलेली तापी निमुळती का आणि पठारावर मोकळी पसरलेली कृष्णा रुंद का, हे भूगोलाच्या शिक्षकांना निराळे सांगावयास नको.

कोल्हापूरची पंचगंगा हे पंखाकृती पाणलोटाचे सर्वपरिचित उदाहरण. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या सह्याद्रीवरून उतरून एकत्र येतात (पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते) आणि थोड्याच अंतरावर कोल्हापूर शहर लागते. पुढे कृष्णेच्या पात्रातही तोच प्रकार मोठ्या प्रमाणावर घडतो. कराडला कोयना, सांगलीजवळ हरिपूरला वारणा आणि नरसोबाच्या वाडीस पंचगंगा, अशा एकाच पावसाच्या पट्ट्यातून आलेल्या नद्या एकामागून एक मिळतात. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे महापूर केवळ आकारामुळे आले असे कोणी म्हणणार नाही. घाटातील पाऊस, धरणांतील साठ्याचे नियोजन, पूररेषेच्या आतील बांधकामे यांचाही विचार त्यात आहे. परंतु या सर्व गोष्टी ज्या रंगमंचावर घडतात तो पंख्याच्या आकाराचा आहे, याचा विसर पडू नये.

मग नर्मदा आणि तापी लांबट आहेत म्हणून सौम्य आहेत काय? मुळीच नाही. १९६८ साली आणि पुन्हा ऑगस्ट २००६ मध्ये तापीने सुरत शहर बुडविले. याचे एक कारण पावसाच्या वाटचालीत आहे. बंगालच्या उपसागरात निर्माण होणारे कमी दाबाचे पट्टे पुष्कळदा पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतात, आणि या दोन्ही नद्या त्याच दिशेने वाहतात. वरच्या भागात पाऊस आधी पडतो. तेथील पाणी खाली येऊ लागते आणि पाऊसही त्याच्या सोबत खाली सरकतो. यात्रेतील गाड्यांची रांग रस्त्यावरील प्रत्येक गावातून आणखी गाड्या बरोबर घेत वेशीवर आली, असाच हा प्रकार. लांबट आकारामुळे जो दिलासा मिळावयास हवा, तो पावसाच्या दिशेने हिरावून घेतला जातो. आकार गुणक मांडताना पाऊस संपूर्ण क्षेत्रावर एकाच वेळी पडतो असे गृहीत धरलेले असते. निसर्गाने ते मान्य केलेले नाही.

गावपातळीवर

पाझर तलावाचा सांडवा, शिवारातील बंधारा, रस्त्यावरील फरशी, स्मशानाकडे जाणाऱ्या वाटेवरील मोरी ही कामे लहान असतात आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र संशोधन होणे शक्य नसते. तथापि पाणलोटाचा आकार पाहणे ही गोष्ट अवघड नाही. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या पन्नास हजारांस एक या प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. समोच्च रेषा पाहत माथ्यामाथ्याने पाणलोटाची सीमा पेन्सिलीने आखावी, तिचा आराखडा आलेखाच्या कागदावर उतरवावा आणि चौकटी मोजाव्यात. ४ चौरस सेंटिमीटर म्हणजे १ चौरस किलोमीटर. लांबी मोजपट्टीने मोजावी. माध्यमिक शाळेतील मुलांना हे एका दुपारचे काम आहे. आपल्या गावाच्या ओढ्याचा आकार गुणक त्यांनी काढला, तर गणित आणि भूगोल या दोन विषयांची एकाच फळ्यावर गाठ पडेल.

संगणकावर हेच काम अधिक वेगाने होते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याची दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत विभागणी केलेली आहे आणि उपग्रहांच्या आधारे उंचीची माहितीही आता सहज उपलब्ध होते. मात्र सपाट शिवारात ताली, कालवे आणि रस्त्यांचे भराव यांनी पाण्याची वाट बदललेली असते. संगणकाला ती दिसेलच असे नाही. रस्त्याच्या भरावाने शेजारच्या नाल्याचे पाणी आपल्या ओढ्यात वळविले असेल, तर क्षेत्रफळ आणि आकार दोन्ही बदलले. ते पावसाळ्यात बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ठाऊक असते.

लहान पुलांविषयीच्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक पुस्तिकेत, विशेष प्रकाशन क्रमांक १३ मध्ये, एक शहाणपणाचा नियम दिला आहे. पुराचा विसर्ग एकाच रीतीने न काढता निरनिराळ्या रीतींनी काढावा. एक अनुभवसिद्ध सूत्राने, एक पाऊस व पाणलोटाच्या गुणधर्मांवरून, आणि एक प्रत्यक्ष पूरखुणांवरून नदीचा छेद व उतार मोजून. येणाऱ्या आकड्यांपैकी सर्वांत मोठा स्वीकारावा. मात्र तो त्याच्या खालोखालच्या आकड्याच्या दीडपटीहून अधिक असेल, तर दीडपटीवर थांबावे. उदाहरणार्थ ५५, ६० आणि १०० असे तीन आकडे आले तर विसर्ग ९० धरावयाचा. या नियमात कोणत्याही एका गुणांकावर आंधळा विश्वास नाही आणि कोणत्याही गुणांकाचा अव्हेरही नाही.

यांतील तिसरी रीत गावाच्या मदतीवाचून होत नाही. पाणी कोठवर आले होते हे दाखविणारी खूण कधी देवळाच्या पायरीवर असते, कधी विहिरीच्या काठावर, तर कधी निव्वळ एखाद्या वृद्धाच्या स्मरणात. दुसऱ्या गावच्या पुलाचे नवे अंदाजपत्रक करताना पलीकडच्या वस्तीवरील एका आजीबाईंनी आपल्या गोठ्याच्या भिंतीवर हात ठेवून, “एवढं आलं होतं, म्हशीच्या पोटाला लागलं,” असे सांगितले. त्या हाताच्या पातळीपासून ओढ्याचा छेद घेतला तेव्हा विसर्ग आकार विचारात घेऊन काढलेल्या आकड्याच्या बराच जवळ आला. पुलाला आणखी दोन गाळे वाढविण्यात आले, भरावाच्या पाण्याकडील बाजूस दगडी पिचिंग करण्यात आले आणि अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर क्षेत्रफळाखाली एक नवी ओळ लिहिण्यात आली: पाणलोटाची लांबी ४ किलोमीटर, आकार गुणक ०.७५.